तक्रार हातात आली, आता सात दिवस

प्रश्न पुण्यातल्याच एका अनुदानित कॉलेजमधल्या तरुण प्राध्यापकांचा आहे. यंदा त्यांचं नाव शिस्तपालन समितीवर आलं. एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) एका मुलानं परवा त्यांच्या हातात दोन पानी तक्रार दिली. मुलगा लातूरकडचा, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतो. त्याच जागेत त्यांच्याच कॉलेजचे एसवायचे तिघं आहेत. ते रात्री उठवून याला भांडी घासायला लावतात, स्वतःचे कपडे धुवून घेतात, गावाकडचं बोलून दाखव म्हणून उभं करतात. एका रात्री त्याचा व्हिडिओ काढून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. स्टाफरूममधले ज्येष्ठ म्हणाले, ‘कॉलेजबाहेरचं आहे, आपला संबंध नाही. तिघांना बोलवा, माफीनामा घ्या, मिटवून टाका.’ सरांनी विचारलंय, नियम काय आणि करायचं काय?

मी ३१ वर्षं शिकवलं, त्यातली १४ शिस्तपालन समितीवर काढली, शेवटी उपप्राचार्य म्हणून निवृत्त झाले. उत्तर लांबणार आहे.

सर, तुम्ही ‘परवा’ लिहिलंत. म्हणजे सातातले दोन दिवस गेले. हे सात कुठले, ते पुढे सांगते. आधी आज रात्रीचं बघा. तो मुलगा आज झोपणार कुठं? तक्रार देऊन तो त्याच खोलीत, त्याच तिघांच्या शेजारच्या कॉटवर परत गेला असेल, तर तुमच्या समितीची पहिली बैठक होण्याआधीच त्याला तक्रार मागे घ्यायला लावलं जाईल. हे मी अंदाजानं सांगत नाही, चार-पाच वेळा डोळ्यांसमोर झालंय. हॉस्टेलच्या रेक्टरना फोन करा, एखादी मोकळी कॉट किंवा गेस्टरूम चार दिवसांसाठी मिळते. ते नसेल तर गावातला नातेवाईक, नाहीतर विश्वासातला वर्गमित्र. पण त्याला विचारून करा. ‘तू निघून जा’ असं त्याच्या कानावर पडता कामा नये. कॉट मालकाकडे डिपॉझिट अडकलेलं असतं, महिना भरलेला असतो, मेसचे पैसे आगाऊ दिलेले असतात. ही मुलं हे आपण होऊन बोलत नाहीत आणि त्याच कारणानं त्या खोलीत टिकून राहतात. तेव्हा तुम्हीच विचारा. बोलताना तो ‘जगण्यात अर्थ नाही’ अशा वळणाला गेला, तर त्याला एक मिनिटही एकटं सोडू नका. कॉलेजच्या समुपदेशकांना तिथंच बोलवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो, तो त्याच्या फोनमध्ये घालून द्या.

आता कागद. उद्या ऑफिस उघडताच तक्रार आवक रजिस्टरला चढवा. तारीख त्यानं तुम्हाला दिली त्या दिवशीची नोंदवा. तुमच्याकडून दोन दिवस उशीर झाला असेल तर तोही वेगळ्या टिपणात खरा लिहा. तक्रारीच्या झेरॉक्सवर शिक्का, क्रमांक आणि सही घालून ती प्रत मुलाच्या हातात द्या. पुष्कळ कॉलेजांत ही प्रत देत नाहीत, ‘तुझी तक्रार आमच्याकडे आहे, काळजी करू नकोस’ असं सांगतात. ज्या मुलाकडे शिक्क्याची प्रत असते, त्याची तक्रार हरवत नाही.

मग प्राचार्यांकडे जा आणि त्यांच्यासमोर कायदा ठेवा. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ चा आहे, म्हणजे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांच्या दहा वर्षं आधीचा. त्याचं कलम ३ म्हणतं की शैक्षणिक संस्थेच्या आत किंवा बाहेर, कुठंही रॅगिंगला मनाई आहे. ‘बाहेर’ हा शब्द कायद्यातच आहे. त्यामुळे नवी पेठेतली खोली कॉलेजच्या हद्दीत येत नाही, हे म्हणणं तिथंच संपतं. कलम ६ प्रमाणे लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखानं चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार लगेच कॉलेज ज्या हद्दीत आहे त्या पोलिस ठाण्याकडे पाठवायची. तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. म्हणजे दोन्हीकडून कागद लागतोच. आणि कलम ७ प्राचार्यांनी स्वतः एकदा वाचावं: तक्रार येऊनही कारवाई केली नाही, तर संस्थाप्रमुखानं रॅगिंगला साहाय्य केलं असं धरलं जातं आणि शिक्षाही मूळ गुन्ह्याचीच, दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजारांपर्यंत दंड. माझ्या अनुभवात ‘मिटवून टाका’ म्हणणारे बरेच जण हे कलम वाचलेलेच नसतात. एकदा वाचलं की आवाज बदलतो.

यूजीसीचे २००९ चे विनियम त्याहून कडक आहेत. फौजदारी गुन्हा होतो असं दिसलं, तर माहिती मिळाल्यापासून २४ तासांत एफआयआर करायचा. तुमच्याकडे अँटी रॅगिंग समिती आणि पथक असणारच, दर जूनला ऑफिसमध्ये त्यांचा बोर्ड रंगवतात. हे प्रकरण शिस्तपालन समितीचं नाही, त्यांचं आहे. तुम्ही ते त्यांच्याकडे सोपवा आणि सोपवल्याचं पत्र ठेवा. कुणीच हललं नाही तर एक वाट तुमच्यासाठीही आहे. राज्याच्या कायद्याच्या कलम ६ मध्ये तक्रार करणाऱ्यांच्या यादीत विद्यार्थी आणि पालक यांच्या बरोबरीनं शिक्षकही आहे. तुम्ही स्वतःच्या सहीनं प्राचार्यांना लेखी देऊ शकता. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १८००-१८०-५५२२.

‘पण भांडी घासायला लावणं हे काय रॅगिंग झालं का?’ हा पुढचा प्रश्न स्टाफरूममध्ये येईल, आला असेलही. कायद्याची व्याख्या बघा: जे काम तो विद्यार्थी एरवी आपण होऊन करणार नाही ते करायला लावणं, चिडवणं, धमकावणं, ज्यानं त्याच्या मनात भीती किंवा लाज निर्माण होईल असं वागणं. मारहाण झालीच पाहिजे असं त्यात कुठंही नाही.

आणि बोलण्याची नक्कल. इथं मला जरा थांबायचंय, कारण पुण्यात हा प्रकार ‘गंमत’ म्हणून खपतो. ‘काय करूलालास’ म्हणणारा मुलगा वर्गात उभा राहिला की मागच्या बाकावरून हसू येतं, आणि कधीकधी शिकवणारेही हसतात. ण आणि न वरून तर सर्रास. माझ्या वर्गात उदगीरची एक मुलगी होती. पहिल्या महिन्यात ती भराभरा हात वर करायची. ऑगस्टनंतर ‘येस मॅम’ आणि ‘नो मॅम’ याखेरीज तिच्या तोंडून मराठी शब्द ऐकू आला नाही. मला वाटलं, अभ्यासात मागे पडली. डिसेंबरमध्ये तिच्या पेपरातलं मराठी वाचलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मुलगी जागेवरच आहे, तिनं फक्त बोलणं बंद केलंय. यूजीसीनं २०१६ साली रॅगिंगच्या व्याख्येत दुरुस्ती केली. त्यात जात, धर्म, लिंग, दिसणं यांच्याबरोबर प्रादेशिक मूळ, भाषिक ओळख, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण आणि आर्थिक स्थिती यांवरून होणारा त्रास स्पष्टपणे घातला आहे. त्यामुळे तुमच्या मुलाच्या तक्रारीतला नक्कल करायला लावण्याचा भाग किरकोळ म्हणून वगळू नका. माझ्या मते तोच त्यातला सगळ्यात जड भाग आहे. भांडी घासून झाली की संपतं, तो व्हिडिओ ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे.

आता माफीनाम्याबद्दल. याबद्दल मी एवढी ठाम का, ते सांगायलाच हवं.

समितीवरचं माझं दुसरं वर्ष. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला एका मुलीचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर गेला. तिनं येऊन तोंडी सांगितलं. त्या बॅचमध्ये जुन्नर तालुक्यातला एक मुलगा होता, कमवा व शिका योजनेत लायब्ररीत काम करायचा. त्याच्याविरुद्ध एकच गोष्ट होती, त्या दिवशी लॅबमधून तो शेवटी बाहेर पडला. आम्ही तिघा शिक्षकांनी त्याला दीड तास समोर बसवलं. शेवटी आमच्यातल्या एकांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, ‘लिहून दे बाळ, इथंच संपवू, घरी कळवणार नाही.’ त्यानं फुलस्केप घेतला आणि लिहिलं, ‘मी कॅल्क्युलेटर घेतला नाही. पण माझ्यामुळे सरांना त्रास झाला असल्यास माफ करावे.’ आम्ही म्हटलं, असं चालत नाही. दुसरा कागद. तोही चालला नाही. तिसऱ्या कागदाला आम्ही मजकूर सांगितला आणि त्यानं उतरवून घेतला: ‘सदर कृत्य माझ्या हातून अनवधानाने घडले असून...’ त्यानं ‘अनावधानाने’ लिहिलं होतं. ते आम्ही खोडून नीट लिहायला लावलं.

दोन महिन्यांनी कॅल्क्युलेटर लॅबमध्येच सापडला, ऑप्टिकल बेंचच्या टेबलाखालच्या खणात. मुलीला परत दिला. त्या मुलाला बोलावून ‘चुकलं रे’ म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. चार वर्षांनी तो पोलिस भरतीसाठी चारित्र्याचा दाखला न्यायला आला, तेव्हा मी ऑफिसमध्येच उभी होते. हेडक्लार्कनी फाइल काढली. तक्रारीचा कागद नव्हता, कारण तक्रार तोंडी होती. चौकशीचा कागद नव्हता. वस्तू सापडल्याची नोंद नव्हती. त्याच्या अक्षरातली कबुली तेवढी होती. त्याच दिवशी प्राचार्यांची सही घेऊन त्यावर ‘आरोप निराधार, वस्तू प्रयोगशाळेतच मिळाली’ अशी नोंद केली, दाखला स्वच्छ दिला. त्यानं तो घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि माझ्याकडे न बघता गेला.

मिटवलेल्या प्रकरणाचं असंच होतं. तक्रार उरत नाही, चौकशी उरत नाही, कबुली तेवढी उरते. आणि तक्रार खरी असेल तर उलट बाजूनं अन्याय: त्रास देणाऱ्यांनी चार ओळी उतरवल्या, सरांनी खांद्यावर हात ठेवला, आणि त्रास सोसणारा मुलगा रात्री त्याच खोलीत. ‘आपलीच मुलं आहेत’ हे वाक्य स्टाफरूममध्ये नेहमी त्या तिघांबद्दल म्हटलं जातं. लातूरचं पोरही आपलंच आहे.

म्हणून त्या तिघांचीही चौकशी नीट व्हायला हवी. त्यांच्यावर काय टांगलेलं आहे ते ध्यानात घ्या. राज्याच्या कायद्याच्या कलम ४ खाली दोषी ठरले तर कलम ५ प्रमाणे कॉलेजातून काढलं जातं आणि पुढची पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही. एवढे जड परिणाम असलेलं काम जिन्यात उभं राहून करायचं नसतं. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजनं सोशल मीडियावरच्या पोस्टवरून एका विद्यार्थिनीला काढून टाकलं. मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश स्थगित केला आणि तिला परीक्षेला बसू दिलं. तिचं म्हणणंच ऐकून घेतलं नव्हतं. हे काही नवं तत्त्व नाही. कॉपीच्या आरोपावरून काही परीक्षार्थींचा निकाल न विचारता रद्द करणाऱ्या उत्तर प्रदेशच्या बोर्डाला सर्वोच्च न्यायालयानं १९६२ सालीच सांगितलं होतं की आधी त्यांचं ऐकून घ्या.

चौकशी अँटी रॅगिंग समितीनं केली तरी पद्धत हीच. तिघांना नोटीस वेगवेगळी द्या, तिघांची नावं एका कागदावर नकोत. मी वापरायचे तो मसुदा असा होता:

‘तुमच्याविरुद्ध दि. ... रोजी लेखी तक्रार प्राप्त झाली आहे. तक्रारीनुसार दि. ... रोजी रात्री ... येथे तुम्ही ... केले. तुमचे म्हणणे दि. ... रोजी सकाळी ११ पर्यंत लेखी द्यावे व त्याच दिवशी दुपारी ३ वाजता समितीसमोर हजर राहावे. सोबत पालकांपैकी एकास आणता येईल. तुमच्या बाजूचे साक्षीदार वा कागद असल्यास सादर करावेत. तक्रारदाराशी प्रत्यक्ष, फोनवर वा मित्रांमार्फत संपर्क साधू नये.’

मधल्या रिकाम्या जागेत ‘गैरवर्तन’ असा एकच शब्द घालून नोटीस पाठवणारे मी पाहिलेत. त्यावर मुलगा उत्तर काय देणार? कुठल्या रात्री, कुठं, काय केलं, हे लिहिलंच पाहिजे. ज्याला आरोप नीट कळला, तोच नीट उत्तर देतो, आणि खोटं बोलत असेल तर तेही त्या उत्तरातच दिसतं. शेवटचं संपर्क न करण्याचं वाक्य वगळू नका. या प्रकारांत दबाव स्वतः आरोपी आणत नाही, त्याचे मित्र कँटीनमध्ये शेजारी येऊन बसतात.

म्हणणं ऐकताना दोन शिक्षक बसा, एक लिहिणारा. शब्द मुलाचे राहू द्या, ‘सदर’ आणि ‘तथापि’ आपले घुसडू नका. पानापानावर सही. ज्यानं स्वतः काही पाहिलंय तो शिक्षक साक्षीदार होईल, समितीत बसणार नाही. एका मुलाला तासाच्या वर बसवू नका, पाणी द्या, दार उघडं ठेवा.

तक्रारदाराला त्या तिघांसमोर उभं करून ‘आता सांग’ म्हणायची पद्धत आपल्याकडे फार आहे. त्याची गरज नाही. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजमध्ये १९७२ साली रात्री मुलींच्या हॉस्टेलच्या आवारात शिरून काही मुलांनी अतिशय गलिच्छ वर्तन केलं होतं. चौकशी समितीनं मुलींचे जबाब मुलांच्या गैरहजेरीत घेतले, संशयितांचे फोटो इतर वीस फोटोंत मिसळून मुलींपुढे ठेवले आणि ओळख पटवून घेतली. मग मुलांना आरोप सांगून त्यांचं म्हणणं घेतलं. मुलं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली की आम्हाला मुलींची उलटतपासणी करू दिली नाही. १९७३ साली न्यायालयानं समितीची पद्धत योग्य ठरवली: नैसर्गिक न्याय सगळीकडे एकाच साच्यात बसत नाही, मुलींना समोर आणलं असतं तर त्यांना पुढे त्रास झाला असता. आरोपीला आरोप कळणं आणि उत्तराची संधी मिळणं आवश्यक. समोरासमोर उभं करणं आवश्यक नाही. चौकशी शिकायला याहून चांगला धडा मला मिळाला नाही.

पुरावा आधी जमवा, जबाब नंतर. वर्गाच्या ग्रुपवरचा व्हिडिओ ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ झाला असेलही, पण ज्यांनी डाउनलोड केला त्यांच्याकडे राहतो. ज्या मुलाच्या फोनमध्ये आहे त्याला समितीसमोर स्वतःच्या हातानं उघडून दाखवायला सांगा. कुणी पाठवला, कुठल्या तारखेला, किती वाजता, हे बघून टिपण करा, दोघांच्या सह्या घ्या. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन पाकिटात सील करा. तिघांचे फोन मात्र जप्त करू नका आणि पासवर्ड मागू नका. तो अधिकार आपला नाही, पोलिसांचा आहे. कॉलेजच्या आवारातलं काही असेल तर सीसीटीव्हीच्या माणसाला त्याच दिवशी लेखी पत्र द्या. डीव्हीआर भरला की जुनं चित्रण पुसून त्यावर नवं बसतं, आणि आपली बैठक ठरेपर्यंत बऱ्याचदा ते गेलेलं असतं. तुमच्या प्रकरणात शेजारच्या खोलीतली मुलं, मेसवाल्या काकू, कॉटमालक यांनाही विचारा. मेसवाल्या काकूंना पुष्कळ माहीत असतं, कोण कुणाचा डबा घेऊन जातो तेसुद्धा.

पुरावा किती हवा? फौजदारी कोर्टासारखा निःसंशय नको. दोन्ही बाजू ऐकून कोणती गोष्ट घडली असणं अधिक संभवनीय वाटतं आणि का, एवढं कारणांसह लिहिता यायला हवं. ‘का’ लिहिता येत नसेल, तर अजून ठरलेलं नाही असं समजा.

तुम्ही समितीवर नवीन आहात, म्हणून एक सवय लावून घ्या. कुठलीही तक्रार आली की आधी दोन गोष्टी बघा, जन्मतारीख आणि तक्रारीचा प्रकार. अकरावी-बारावी जोडलेली असलेल्या आपल्या कॉलेजांत निम्मी मुलं अठराच्या आतली, एफवायलाही सतरा वर्षांची असतात. अठराच्या आतल्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. तुमच्यावर व्यक्तिशः. तिथं समिती बसवून ‘आधी आपण शहानिशा करू’ हा गुन्हा आहे. विद्यार्थिनी सज्ञान असेल आणि तक्रार लैंगिक छळाची असेल, तर ती यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे अंतर्गत तक्रार समितीकडे जाते. शिस्तपालन समितीनं त्यात एक प्रश्नही विचारायचा नाही. तीन महिन्यांत तक्रार, तिची प्रत सात दिवसांत समोरच्याला, दहा दिवसांत त्याचं उत्तर, नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण. तडजोड फक्त तिनं मागितली तर, आणि पैसे घेऊन-देऊन कधीच नाही. पुरावा अपुरा पडला म्हणजे तक्रार खोटी, असं होत नाही. हे आपल्या लोकांना वारंवार सांगावं लागतं. भांडणात जातिवाचक शिवीगाळ झाली असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, तिथंही कॉलेजची समिती अंतिम नाही. विद्यापीठाच्या परीक्षेतली कॉपी विद्यापीठाच्या समितीकडे जाते. आपण कागद सील करून अहवाल पाठवायचा, मुलाला वर्गासमोर अपमानित करायचं नाही. आपल्या समितीकडे उरतं ते वर्गातला गोंधळ, मारामारी, तोडफोड, गॅदरिंगच्या वेळचे प्रकार, गेटवरची हुज्जत. तेही कमी नसतं.

फोन येतील. तिघांपैकी एखाद्याचे काका कुणाच्या तरी ओळखीचे निघतातच. माझं उत्तर ठरलेलं असायचं: ‘तुमचं म्हणणं लेखी द्या, समितीसमोर ठेवते.’ एकानंही कधी लेखी दिलं नाही. फोनची वेळ आणि नाव डायरीत लिहून ठेवा, कुणाला दाखवायला नव्हे, तुमची तुम्हाला आठवण राहावी म्हणून.

चौकशीत तथ्य दिसलं, तर निलंबन आणि पोलिसांकडे कागद हे दोन्ही कायद्यानं ठरलेलं आहे, त्यात तुमच्या दयेला जागा नाही. निलंबन ही शिक्षा नाही, हे आदेशात लिहा. पुढे अँटी रॅगिंग समितीकडून शिक्षा ठरताना मात्र तिघांना एकाच मापानं मोजू नका. व्हिडिओ काढणारा, भांडी घासायला लावणारा आणि भिंतीला टेकून हसत बसलेला तिसरा, हे तीन वेगळे आहेत. यूजीसीच्या नियमांत वर्गातून निलंबन, शिष्यवृत्ती रोखणं, परीक्षेला बंदी, एक ते चार सत्रांसाठी काढणं अशा बऱ्याच पायऱ्या आहेत. ‘पालकांना बोलावून कॉलेज सोडल्याचा दाखला हातात द्या’ ही पुणेरी पळवाट मात्र वापरू नका. दाखला मागून घेतलाय असं दाखवून मुलगा दुसऱ्या कॉलेजला ढकलायचा, त्याच्यावर आरोप सिद्ध नाही आणि त्या कॉलेजला माहिती नाही. आदेशात तक्रार काय, कुणी काय सांगितलं, कुणाचं का पटलं, निर्णय काय आणि दाद कुठं मागता येईल, एवढं असू द्या. दोन पानं पुरतात.

तक्रारदाराला निकाल लेखी कळवा. आणि पंधरा दिवसांनी त्याला बोलवा, तुमच्या केबिनमध्ये नको, ग्राउंडच्या कडेला चालता चालता. हजेरी बघा, पहिल्या तीन आठवड्यांत ती घसरली तर काहीतरी चालू आहे असं समजा. मेस बदलली का, नवी खोली मिळाली का, जुन्या मालकानं डिपॉझिट दिलं का ते विचारा. दिलं नसेल तर तुम्ही एक फोन केलात की देतात, हा माझा अनुभव आहे. मराठीच्या विभागप्रमुखांना सांगून ठेवा की त्याला वर्गात वाचायला लावा, त्याच्याच बोलीत, आणि हसणाऱ्याला तिथल्या तिथं थांबवा.

त्याच्या घरी फोन तुम्ही करा, ऑफिसातून क्लार्कचा जायला नको. मुलाशी आधी बोलून, त्याला समोर बसवून. आई-वडिलांना पहिलं वाक्य ‘मुलगा सुखरूप आहे, त्याची काही चूक नाही’ हेच सांगा. कॉलेजातून फोन म्हटलं की त्यांचा जीव आधीच गोळा झालेला असतो. वडील रात्रीच्याच एसटीनं निघतील, पहाटे उतरतील आणि ऑफिस उघडेपर्यंत गेटबाहेर उभे राहतील. वॉचमनला आज संध्याकाळीच सांगून ठेवा. त्यांना आत घेऊन बसवायचं आणि चहा द्यायचा.